राणीचे पांढरे लुगडे

दिवाळीचा महिना म्हणजे आमच्या जामनेरकडे कापसाचा आणि कापडाचा महिना. कांग नदीच्या दोन्ही अंगांची काळी शिवारे फुटलेल्या बोंडांनी पांढरी झालेली असतात, वेचणीला माणूस मिळत नाही, आणि पहिल्या वेच्याचे पैसे हाती आले की त्यांतले बरेचसे कापडदुकानाची वाट धरतात. पांढरे विकायचे आणि रंगीत घरी आणायचे, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार! अशा दुकानांतून गादीच्या मागे, भिंतीवर, पुष्कळदा अहिल्याबाई होळकरांचे चित्र दिसते. अंगावर पांढरे लुगडे, डोक्यावरून पदर, तळहातावर शिवाची पिंड. खाली अंजिरी, मोरपिशी, केशरी साड्यांचे थर लागलेले असतात आणि त्यांच्यावर ही पांढऱ्या वस्त्रातली राणी शांतपणे पाहत असते.

या राणीने पांढरेच का नेसले, असे विचारले तर शाळेतले पोरही सांगेल, की त्या विधवा होत्या म्हणून. उत्तर खरे आहे, पण त्यात गोष्ट संपत नाही. विधवा त्या काळी घरोघरी होत्या. त्यांच्या पांढऱ्या किंवा तांबड्या वस्त्राकडे पाहून कोणी हात जोडले नाहीत. उलट, शुभकार्याला निघालेली माणसे त्यांची सावली चुकवीत. मग एकीचे पांढरे लुगडे पूज्य आणि दुसरीचे अशुभ, हे कशाने ठरले? हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ वर्षे आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर जामनेरच्या पेठेतून उठून थोडे लांब, रायगड, लंडन, बऱ्हाणपूर आणि पॅरिस असे फिरून यावे लागते. सणाचे दिवस आहेत, वाचकांना सवड असेल, म्हणून बरोबर येण्याचे आमंत्रण देतो.

प्रथम रायगड. ६ जून १६७४ रोजी शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक झाला. त्याआधीच्या आठवड्यात महाराजांची मुंज लागली आणि पूर्वीच लग्न होऊन घरात नांदत असलेल्या राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह झाले. अभिषेकाच्या वेळी पट्टराणी सोयराबाई महाराजांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या आणि त्यांच्या वस्त्राच्या पदराची महाराजांच्या वस्त्राशी गाठ मारलेली होती. आपल्या घरी सत्यनारायणाला बसताना हीच गाठ बांधतात. त्यात नवल ते काय? पण घरच्या पाटावर बांधली तर ती धर्मकार्याची गाठ, आणि परमुलखाच्या वकिलांदेखत सिंहासनापाशी बांधली तर तो जाहीरनामा होतो. ही बाई या राज्याची सहधर्मचारिणी आहे, हे त्या हातभर कापडाने न बोलता सांगितले. राणीच्या अंगावरचे वस्त्र हा सरकारी कागद असतो तो असा. कागदावर शिक्का उमटवतात, वस्त्राला गाठ मारतात, एवढाच फरक.

या कागदाची मर्यादाही रायगडावरच दिसली. १६८० च्या एप्रिलमध्ये महाराज गेले. धाकट्या राजारामांना गादीवर बसविण्याचा सोयराबाईंचा बेत संभाजीराजांपुढे टिकला नाही आणि १६८१ त त्यांचा अंत झाला. वस्त्राच्या गाठीने त्यांना मान दिला होता. फौज आणि खजिना मात्र त्या गाठीत बांधलेले नव्हते.

राज्याभिषेकाला हजर असलेल्यांत हेन्री ऑक्झेंडन नावाचा एक इंग्रज वकील होता. तो मुंबईहून आला होता, आणि मुंबई इंग्रजांकडे आली होती ती एका राणीच्या आंदणात! १६६१ च्या तहाप्रमाणे पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ही इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायची ठरली, आणि तिच्याबरोबर मुंबई बेटही. बेटाचा प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडले आणि १६६८ त राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. आंदणातल्या बेटाचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. आंदण घेऊन आलेल्या नवरीचे काय झाले ते तितकेसे माहीत नसते.

ती १६६२ च्या मे महिन्यात पोर्ट्‌समथला उतरली तेव्हा तिच्याबरोबरच्या पोर्तुगीज मानकरणींच्या कमरेभोवती कडी घालून दोन्ही बाजूंना फुगविलेले रुंद झगे होते. पोर्तुगालात तो खानदानी पोशाख. इंग्लंडात ती पद्धत केव्हाच मागे पडलेली. झाले! दरबारी मंडळी हसू लागली. जॉन इव्हलिनसारख्या भल्या गृहस्थानेही रोजनिशीत त्या झग्यांची आणि त्या बायकांच्या सावळ्या रंगाची नोंद करून ठेवली. नवऱ्याची मर्जी पाहून कॅथरिनने लवकरच इंग्रजी पोशाख स्वीकारला. सासरी आलेल्या मुलीचे लुगडे नेसण्याची तऱ्हा वेगळी निघाली की सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसतात, हा अनुभव आपल्याकडच्या वऱ्हाडातून खानदेशात आलेल्या किंवा देशावरून कोकणात गेलेल्या कोणत्याही बाईला असेल. राणीलाही तो चुकला नाही. तिच्या बाबतीत हसणारे सबंध राजधानीचे शहर होते, एवढेच.

पुढे १६७० त एक मौज झाली. राणीला जत्रा पाहण्याची हौस आली. आपल्या दोन उमराव मैत्रिणींना घेऊन, लाल परकर वगैरे खेडवळ थाट करून, ती ऑडली एंडजवळच्या जत्रेत शिरली. पण त्यांचा खेडवळपणा इतका नवाकोरा आणि इतका जास्त झाला होता, की लोक नाटकवाले समजून मागे लागले. राणी एका दुकानात पिवळे मोजे घ्यायला गेली आणि तिची परदेशी बोली ऐकताच बिंग फुटले. कोणीतरी ओळखले, गर्दी उसळली, आणि राणीला घोड्यावर बसून पळ काढावा लागला. लोक बायकापोरांना घोड्यांवर घेऊन वाड्याच्या दारापर्यंत तिला पाहत आले. राजवस्त्रे उतरविली म्हणून राणीला साधी बाई होता येत नाही. पाहणारे लोक तिला तिच्या कपड्यांतून सुटू देत नाहीत.

आता आपल्या मुलखात परत येऊ. जामनेरहून भुसावळ, रावेर करीत गेले की बऱ्हाणपूर लागते. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या वेळी ती खानदेशाची राजधानी होती आणि १६०१ त असीरगड पडल्यावर मोगलांच्या दक्षिणेतल्या कारभाराचे ठाणे झाली. सतराव्या शतकात येऊन गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने इथल्या तलम, आरपार दिसणाऱ्या कापडाचे वर्णन केले आहे. सोन्याचांदीच्या तारेची फुले काढलेल्या इथल्या ओढण्या इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जात असत. कापूस या खोऱ्यातला, हात इथल्या विणकरांचे, आणि अंग कुठल्या तरी दूरदेशीच्या बेगमेचे!

मोगल राणीची गोष्ट युरोपातल्या राणीहून निराळी. ती पडद्यात असे. लोकांना ती दिसायची नाही. दिसायचे ते तिच्या नावाने चालू झालेले कापड. १६११ त जहांगिराशी लग्न झालेल्या नूरजहानने सोन्याचांदीच्या नाण्यांवर आपले नाव घातले, हे प्रसिद्धच आहे. तिच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिणारा खाफीखान सांगतो, की दोन दाम वजनाची 'दुदामी' आणि पाच तोळे वजनाची 'पंचतोळिया' ओढणी या तिच्याच कल्पना. तिच्या नावाचा 'नूरमहाली' हा वधूवरांचा पोशाख पंचवीस रुपयांत होत असे. पाच तोळ्यांची ओढणी मुठीत मावते. पण बाजारात तिचे नाव निघाले की पडद्यातली राणी घरोघरी पोचत असे. नाणे आणि कापड या दोन्ही हातोहात फिरणाऱ्या वस्तू, आणि दोन्हींवर नूरजहानने आपली मुद्रा उमटविली.

तिची भाची मुमताज महल बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले आणि काही महिन्यांनी तिचे शव आग्ऱ्याला नेले. शहाजहानाने त्या दुःखात रंगीत वस्त्रे, अत्तरे आणि जवाहीर सोडले आणि दोन वर्षे तो पांढऱ्या कपड्यांत राहिला. त्याच्या शोकाबद्दल मला संशय नाही. पण ती दोन वर्षे संपली तेव्हा बादशहाने पुन्हा रंगीत अंगरखा घातला, आणि कोणी त्याला नावे ठेवली नाहीत. पांढऱ्यात शिरण्याचा आणि पांढऱ्यातून बाहेर येण्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या हाती होता.

युरोपातही पांढरे हे एके काळी राणीच्या वैधव्याचे वस्त्र होते. फ्रान्सच्या विधवा राणीला 'पांढरी राणी' म्हणण्याची चालच होती, आणि मेरी स्टुअर्टचे १५६० च्या सुमाराचे पांढऱ्या सुतकी पोशाखातले चित्र आजही पाहायला मिळते. पुढे ही चाल मागे पडून काळा रंग आला. आणि मग त्याच फ्रान्समध्ये पांढऱ्या कापडाने एका सौभाग्यवती राणीवर भलताच प्रसंग आणला.

१७८३ साली पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात एलिझाबेथ व्हिजे ल ब्रॅ या चित्रकर्त्रीने मारी आंत्वानेत राणीचे चित्र मांडले. डोक्याला गवती टोपी, हातात गुलाब आणि अंगात साध्या पांढऱ्या मलमलीचा सैल झगा. जडजवाहीर नाही, भरजरी रेशीम नाही. राणीला आपल्या बागेत असेच साधे राहायला आवडे. चित्र पाहून लोकांनी गिल्ला केला, की राणी अंतर्वस्त्रांवर बसली आहे, ही तर घरातली मोलकरीण दिसते. त्यात दुसरी तक्रार पोटाची होती. लियाँ शहराचे विणकर रेशमावर जगत होते. राणीने रेशीम टाकून मलमल घेतली तर सारी बडी घराणी तिचेच पाहून घेणार, आणि ही मलमल यायची परमुलखातून, त्यातली पुष्कळशी हिंदुस्थानातून. चित्र काढून घ्यावे लागले, आणि त्याच्या जागी निळसर रेशमी पोशाखातली, मोत्यांचे अलंकार ल्यालेली राणी टांगण्यात आली. साधेपणा हाही लोकांनी मान्य करावा लागतो. उधळी म्हणून जिचे नाव झाले आहे तिने सुती वस्त्र घातले तर लोकांना ती नवी उधळपट्टीच वाटते. दहा वर्षांनी, १६ ऑक्टोबर १७९३ रोजी, ही राणी वधस्तंभाकडे गेली तेव्हाही तिच्या अंगात पांढराच झगा होता. नवऱ्याच्या शोकाचा काळा पोशाख घालून जाण्याची तिला परवानगी मिळाली नव्हती.

आता १७८३ हे साल मनात धरून महेश्वरला या. त्याच साली सोमनाथला, जुन्या भग्न देवळाजवळ, अहिल्याबाईंनी नवे मंदिर बांधले. नर्मदेच्या काठी, पांढरे सुती लुगडे नेसून, ही बाई कारभार पाहत होती. एकाच काळातल्या दोन राजस्त्रिया, दोघींच्या अंगावर साधे पांढरे सूत. एकीची त्याने बदनामी झाली, दुसरीचे त्याने चित्र झाले आणि ते देव्हाऱ्यात गेले.

तसे पाहिले तर अहिल्याबाई कोणा राजाची पट्टराणी कधी झाल्याच नाहीत. त्यांचे पती खंडेराव १७५४ त कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले तेव्हा सासरे मल्हारराव हयात होते. सती जायला निघालेल्या सुनेला सासऱ्यांनी विनवून मागे फिरविले. १७६६ त मल्हारराव गेले, १७६७ त मुलगा मालेराव गेला, आणि राज्य या विधवेच्या हाती आले. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे. १३ ऑगस्ट १७९५ रोजी मृत्यू येईपर्यंत सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी कारभार केला.

सर जॉन माल्कम याने, त्यांना पाहिलेली माणसे हयात असतानाच, माळव्यातून माहिती गोळा केली आणि १८२३ त छापली. तो लिहितो की पती गेल्यावर त्यांनी रंगीत वस्त्र वापरले नाही आणि गळ्यातल्या एका लहानशा माळेवाचून दागिना घातला नाही. त्याने सांगितलेली एक गोष्ट तर सणावारी बायकांत सांगावी अशी आहे. राघोबादादांची पत्नी आनंदीबाई रूपवान म्हणून प्रसिद्ध. अहिल्याबाईंची कीर्ती ऐकून तिला चैन पडेना, म्हणून तिने आपली एक बाई मुद्दाम पाहून येण्यास पाठविली. ती परत येऊन म्हणाली, की नाकीडोळी काही फार देखणी नाही, पण चेहऱ्यावर काही दिव्य तेज आहे. आनंदीबाईने त्यातला हवा तेवढाच भाग घेतला, देखणी नाही ना, मग झाले, आणि समाधान मानले! दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण अशा स्तुतीला पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकावयास लावला. हुकूम सुटत ते 'श्रीशंकर' या सहीने. पांढरे वस्त्र, नदीत गेलेली स्तुती, देवाच्या नावाची सही या साऱ्यांचा अर्थ एकच, की हे राज्य माझे नव्हे, शंकराचे, मी सांभाळणारी.

म्हणजे रूढीने जे वस्त्र लादले त्याचा अर्थ या बाईंनी स्वतः ठरविला. आणि तो अर्थ लोकांनी मानला, कारण त्यामागे रोज उघडणारी कचेरी होती. लियाँच्या विणकरांना राणीची मलमल पोटावर आली. महेश्वरच्या विणकरांना मात्र अहिल्याबाईंनी बाहेरून आणून वसविले, असे परंपरा सांगते. त्यांच्या मागांवर पाहुण्यांना देण्यासाठी काठापदराची लुगडी विणली जात, आणि किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी काठांत उतरे. स्वतः पांढरे नेसणाऱ्या बाईच्या गावाचे नाव आज रंगीत साडीला मिळाले आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोडकळीला आलेला हा धंदा होळकर घराण्यातल्या मंडळींनीच 'रेहवा' ही संस्था काढून पुन्हा उभा केला.

इथे मला माझ्या थोरल्या आत्याची आठवण होते. ती अठराव्या वर्षी विधवा होऊन जामनेरला माहेरी आली आणि पुढे पन्नास वर्षे पांढरे नेसली. दिवाळीच्या पणत्यांसाठी सगळ्या वाती तीच वळायची. घरचा कापूस, तिचा हात. पण भाऊबीजेला ओवाळायला पाटापुढे ती कधी आली नाही. आतल्या खोलीत बसून राहायची. शाळेतून अहिल्याबाईंचा धडा वाचून आल्यावर मी तिला पुस्तकातले चित्र दाखविले आणि ही बाई राज्य करीत होती, असे मोठ्या ऐटीत सांगितले. आत्या शिकलेली नव्हती. तिने चित्र जवळ धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "राज्य करायची म्हणतोस, तर हिच्या कमरेला किल्ल्या कशा नाहीत रे?"

किल्ल्या होत्या. चित्रकाराने त्या काढल्या नाहीत, एवढेच. १७३४ त पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर करून दिली होती. दौलतीच्या उत्पन्नापासून ती वेगळी, घरच्या मुख्य स्त्रीच्या हुकमातली. सासूनंतर ती सुनेकडे आली. काशी, सोमनाथ, वेरूळ आणि गावोगावचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांच्यामागे या खासगीचा पैसा होता. सोयराबाईंच्या पदराच्या गाठीत जे नव्हते ते अहिल्याबाईंच्या पदरात होते. माझ्या आत्याचे लुगडे आणि अहिल्याबाईंचे लुगडे यांत सुताचा फरक फारसा नसेल. फरक किल्ल्यांचा होता.

२०२५ साली अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. गावोगावी मिरवणुका निघाल्या, शाळांतून मुलींना पांढरी साडी नेसवून हातात पिंड दिली गेली. चांगलेच झाले. पण त्याच गावांतून, १९५६ चा वारसा कायदा झाला, १९९४ त महाराष्ट्राने आणि २००५ त साऱ्या देशाने मुलीला जन्मतः वाट्याचा हक्क दिला, तरी बहिणीला तहसील कचेरीच्या गावी बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्याची चाल आहे. सही झाली की भाऊ तिला साडीचोळी करतो. साडी चांगली भारी असते, काठापदराची असते, आणि बहीणही ती हसून घेते, कारण माहेर तुटू नये.

यंदाच्या भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात साडी जरूर ठेवावी. मात्र सातबारावरचे बहिणीचे नाव तसेच राहू द्यावे.